काळ्या मातीतली जीप: घरच्या घरी काय बदलावं, कशाला हात लावू नये

काळीरान (आर्णी, जि. यवतमाळ)

रामराम मंडळी. मृग तोंडावर आला आहे आणि गाडीला काय काय बसवायचं याच्या गप्पा सगळीकडे सुरू झाल्या आहेत. जो तो लोखंडी बंपर, छतावरचा कॅरियर आणि एलईडीची पट्टी इथून सुरुवात करतो. आपल्याकडं वाचायला मिळणारे सल्ले एक तर लडाखचे, नाहीतर राजस्थानातल्या वाळूचे, नाहीतर सह्याद्रीतल्या दगडांचे. आपल्या काळ्या रानात ते जसेच्या तसे चालत नाहीत. म्हणून हा धागा फक्त आपल्या मातीसाठी.

माझी गाडी जुनी महिंद्रा जीप, डीआय इंजिन, २५२३ सीसी, फोर व्हील, पुढं-मागं पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग). शेत नाल्याच्या पलीकडं आणि मधे पांदण (शेताकडं जाणारी कच्ची वाट). खताच्या बॅगा, फवारणीचे पंप, मजूर आणि अडीअडचणीला दवाखान्यात न्यायचं माणूस, हे सगळं हिच्यावरच. त्यामुळं माझी कसोटी एकच आहे: गाडी शेतात जाते का, त्यापेक्षा ती पाऊस लागल्यावर शेतातून घरी येते का.

काळी माती म्हणजे फुगणारी चिकणमाती. पाणी लागलं की ती टायरच्या खाचांत भरते. खाचा भरल्या की मड टायर असो की साधा, दोन्ही गुळगुळीत. मग तोच चिखल टायर आणि मडगार्डच्या मधे दाबला जातो आणि चाक फिरायचंच थांबतं. बंडीचं चाक जाम झाल्यावर काडीनं माती खरडावी लागते, तेच इथं. यावर जास्त ताकदीचं इंजिन हा उपाय नाही. गाडी हलकी ठेवणं आणि चाकाभोवती मोकळी जागा ठेवणं हा उपाय आहे. बंपर, कॅरियर, जेरीकॅनचे स्टँड असं करत दोनशे किलो वाढवले की ते दोनशे किलो चारही चाकांना खाली दाबतात.

मी ज्या क्रमानं कामं केली तो क्रम सांगतो.

पहिलं टायर. जुन्या जीपचा मूळ टायर ६.००-१६, म्हणजे सहा इंच रुंद. लोक तो काढून २३५/७५ आर १५ टाकतात. दोघांची उंची जवळपास सारखीच, एकोणतीस इंचांच्या आसपास. म्हणजे धुऱ्यावर (बांधावर) चढताना अ‍ॅक्सलखाली एक बोटही जास्त जागा मिळत नाही. वाढते ती रुंदी, तीही दीडपट. आमच्याकडं फूटभर काळी माती आणि खाली मुरूम. अरुंद टायर चिखल कापून मुरमावर टेकतो, रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. मी परत ६.००-१६ वर आलो, ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरसारख्या नव्हे, आडव्या खोल खाचांच्या नक्षीचे घेतले.

दुसरं, गाडी ओढून काढायची जागा. यावर वेल्डिंगवाले भाऊ लिहितीलच, मी त्यांच्यासाठी सोडतो.

तिसरं ब्रीदर, आणि यावर मी थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात स्वस्त काम हेच आणि सगळ्यात कमी लोक करतात. डिफरन्शियलवर, म्हणजे अ‍ॅक्सलच्या गिअरच्या गोळ्यावर, हवा जायला-यायला एक छोटी टोपी असते, तीच ब्रीदर. अ‍ॅक्सल गरम झाला की आतली हवा त्यातून बाहेर जाते. गाडी दहा-बारा किलोमीटर चालून तापलेली असते आणि तशीच नाल्यात उतरते. थंड पाणी लागताच आतली हवा आकसते आणि ओढ तयार होते. ती ओढ टोपीतून नाहीतर घासलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत घेते. वरून काहीच दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ऑइल काढलं की दुधी रंगाचं निघतं, तोवर बेअरिंग आणि क्राउन-पिनियनचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

उपाय असा: टोपी काढून त्या आट्याचा निप्पल बसवायचा. त्यावर डिझेलची रबरी नळी चढवून क्लिप मारायची. नळी चेसिसच्या आतून इंजिनाच्या खोलीत, फायरवॉलच्या वरच्या कडेपर्यंत न्यायची आणि टोकाला छोटा डिझेल फिल्टर उलटा लावायचा. मागच्या अ‍ॅक्सलची नळी थोडी ढिली ठेवा, कारण चाक खाली-वर होताना अ‍ॅक्सल हलतो. ताणून बांधली तर पहिल्याच खड्ड्यात निप्पलवरून निघेल. सायलेन्सरपासून वीतभर लांब ठेवा. पुढचा अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांचेही ब्रीदर असतात, तेही त्याच ठिकाणी आणता येतात. पाने आणि पक्कड असली की एका दुपारचं काम.

स्नॉर्केलबद्दल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप) एवढंच: एअर फिल्टरच्या डब्याचा आणि पाइपचा एकेक सांधा पाणीबंद नसेल तर वरचं उंच नळकांडं फक्त शोभेचं आहे. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर नाला ओसरायची वाट बघणं मला जास्त पटतं.

मेळघाट_जिप्सी (परतवाडा)

काळीरान भाऊ, वजनाचं बोललात ते सोळा आणे खरं. मारुती जिप्सी जंगलात इतकी वर्षं का टिकली? गाडी हजार किलोच्या आसपास, पुढं-मागं पाटे, आणि बिघडलं तर परतवाड्यातला मिस्त्री डोळे मिटून खोलतो. १९८५ ला आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं, पुढं १३०० चं आलं. नवी थार पावणेदोन टनांच्या घरात जाते. ताकद भरपूर आहे, पण ओल्या मातीत ते वजनही सोबत येतं.

माझी भर पाण्याची नाही, उन्हाची आणि गवताची. दिवाळीनंतर गवत वाळतं. पायवाटेनं गाडी नेली की गवत सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टला (अ‍ॅक्सलला ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याला) गुंडाळतं आणि तिथंच तापत राहतं. दर थांब्याला खाली वाकून हात घाला, आधी सायलेन्सर थंड आहे का ते बघून. दोन किलोचा अग्निशामक सीटखाली पट्ट्यानं बांधलेला असू द्या. मागं सामानाखाली गाडलेला काही कामाचा नाही.

रेडिएटरपुढं खिडकीची मच्छरजाळी फ्रेममध्ये ताणून लावा, चार क्लिपांवर, म्हणजे काढता येईल. सोयाबीनचं कुटार, गवताचं बी आणि किडे तिच्यावर अडकतात. चिखल भरलेला रेडिएटर धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढं मारायचं. समोरून मारलं तर घाण आणखी आत बसते. पाण्याचा जोरही कमी ठेवा, नाहीतर पातळ पापुद्रे आडवे होतात. आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा अर्धा बुजलेला रेडिएटर मेळघाटातल्या सेमाडोहच्या चढावर लगेच कळतो.

खारपाण (दर्यापूर)

मी तं टायरच्या मुद्द्यावर सहमत नाही भाऊ. तुमच्याकडं खाली मुरूम आहे म्हणून अरुंद टायर कापत जाते अन् टेकते. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात काय आहे? खाली बी मातीच, अन् त्याच्याखाली बी मातीच. टेकायले काही हायेच नाही. सहा इंची टायर जे खाली जाते ते अ‍ॅक्सल टेकल्यावरच थांबते. आमच्याकडं रुंद टायर, हवा कमी, अन् गाडी वरच्या वर नेणं, येवढंच चालते. मी ३२ ची हवा १८ वर आणतो. ट्यूबलेस असन तं १५ च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिमवरून सुटते.

अन् दुसरी गोष्ट. हवा कमी केली की तुरीचे खुट सांभाळा. इळ्यानं तिरपे कापलेले खुट खिळ्यावाणी राह्यते. फुगलेल्या टायरचा बगलेचा भाग आत राह्यते. हवा कमी असली की तो बाहेर फुगते अन् खुट नेमका तिथंच घुसते. बगलेले भोक पडलं तं पट्टी लागत नाही. तुरीच्या वावरात कमी हवेनं शिरूच नका, धुऱ्यानं जा.

काळीरान

खारपाण भाऊ, बरोबर आहे, आणि हे वेगळं लिहायलाच हवं होतं. टायर निवडायच्या आधी आपल्या रानाखाली काय आहे ते बघावं. त्यासाठी खोदायचीही गरज नाही. पांदण जिथं नाला ओलांडते तिथं नाल्याचा उभा काठ बघा. काळा थर किती आणि पिवळसर मुरूम कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसतं. दीड फुटाच्या आत मुरूम असेल तर अरुंद टायर. काठ तळापर्यंत काळाच असेल तर खारपाण भाऊंचा मार्ग.

दोन्हीकडं एक गोष्ट समान: टायर आणि मडगार्डच्या मधे किमान तीन-चार बोटं जागा हवी, स्टिअरिंग पूर्ण वळवूनसुद्धा. मोठा टायर बसवून ही जागा घालवली तर काळ्या मातीत तो टायर बसवलाच नसता तर बरं झालं असतं.

वेल्डिंगवाला (हिंगणघाट)

माझ्या नावानं जागा सोडलीच आहे तर लिहितो. गेली कित्येक वर्षं ट्रॉल्या, वखर, डवरे आणि अधूनमधून जीपची कामं करून राहिलो आहे.

गाडी फसली की गावात पहिला विचार ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर येतो, साखळी बांधतात, आणि बांधतात कुठं? बंपरला, पाट्याच्या शॅकलला (पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीला) नाहीतर अ‍ॅक्सलला. बंपर हा पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर उभा असतो. चिखलात पोटावर बसलेली गाडी निघायला तिच्या वजनापेक्षा जास्त ओढ लागते, कारण माती खालून धरून ठेवते. बंपर उखडला तर तो ट्रॅक्टरवाल्याच्या पाठीकडं जातो.

हूक चेसिसच्या मुख्य लांब पट्टीलाच पाहिजे. मी दहा मिलीमीटरची प्लेट कापतो आणि चेसिसला जिथं कंपनीची भोकं आहेत तिथं बसवतो. आतल्या बाजूला दुसरी आधाराची प्लेट, आणि एम-१२ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, एका बाजूला किमान तीन. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. काही कोरलेलं नसेल तर तो बोल्ट परत द्या. ८.८ चा एम-१२ बोल्ट सरळ ओढीत तुटायला पावणेसात टनांच्या आसपास ताण लागतो. आडव्या कापात त्याची ताकद कमी, म्हणून एकावर भरवसा नाही. पुढं दोन, मागं दोन असे हूक करा. एकच कोपरा ओढला की चेसिस तिरपी होते.

नुसतं वेल्डिंग करून द्या म्हणणारे रोज येतात. मी नाही म्हणतो. चेसिसच्या पातळ पत्र्याला आडवं वेल्डिंग मारलं की त्या रेषेशेजारचं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं, आणि झटका बसला की तिथूनच फाटतं. वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर काढा.

आणि लोखंडी बुलबारचं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे: कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बुलबार पायी चालणाऱ्याला मारतो आणि धडकेचा झटका सरळ चेसिसला देतो. माझ्या दुकानात तो होत नाही.

धानपट्टी (लाखांदूर, जि. भंडारा)

वेल्डिंगवाले दादा, तुमची पोस्ट गावच्या ग्रुपवर टाकतो. आमच्याकडं साखळी तुटून ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराच्या खांद्याला लागली. डोकं वाचलं म्हणून पोरगं वाचलं. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: दोराच्या मधोमध ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तुटला तरी दोर खाली पडतो. आणि दोराच्या दुप्पट अंतरात कोणी उभं राहायचं नाही, बघे पहिले हाकलायचे. जोडायला डी-शॅकलच (डी आकाराची बोल्टवाली कडी), आणि त्यावर वजनाचा आकडा कोरलेला पाहिजे. ट्रॉली जोडायच्या गोळ्याला दोर कधीच नाही.

ट्रॅक्टरवाल्याला झटका मारू देऊ नका. आधी फावड्यानं अ‍ॅक्सलसमोरची माती काढा, मग दोर ताणून हळू ओढायला लावा. नव्वद टक्के काम फावडं करतं. ट्रॅक्टर नसेल तिथं मी तिरफोर वापरतो, हातानं ओढायचं यंत्र. हळू आहे, पण गाडीच्या बॅटरीवर त्याचं काही अवलंबून नाही. अडकवायला झाड नसेल तर स्टेपनीला दोर बांधून बांधीच्या (धानाच्या वाफ्याच्या) कडेला आडवा खड्डा करून पुरायची, ओढ त्या टायरवर येते.

टायरबद्दल आमच्याकडं तिसरंच. सिहार आणि मोरंड जमीन, वर रेताड, चिखलणी झाली की खीर. तिथं मी टायरला जाड नायलॉनचा दोर रिमच्या भोकांतून सहा-सात वेढे मारून बांधतो, आणि डांबरी रस्ता लागायच्या आधी सोडतो. दोर ब्रेकच्या नळीला किंवा व्हॉल्व्हला घासत नाही ना, हे चाक हातानं फिरवून बघायचं. ज्या रिमला भोकं नाहीत तिथं हे जमत नाही.

नवीथार (चिमूर, जि. चंद्रपूर)

सगळ्यांना नमस्कार. काकांनी जुनी सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनची) थार मला दिली आहे. मला दोन गोष्टी करायच्या होत्या: दोन इंच उचलणं आणि समोर मोठे दिवे. इथं वाचून थांबलो. आमचं रान मध्यम, खाली मुरूम आहे. उचलणं बरोबर आहे का? मागं लांब शॅकल लावून स्वस्तात होतं असं गॅरेजमध्ये सांगतात.

काळीरान

नवीथार, थांबलात हे चांगलं केलं. गाडी उचलल्यानं बॉडी आणि चेसिस वर जाते, अ‍ॅक्सलचा गोळा जिथं आहे तिथंच राहतो. चिखलात नांगर टाकतो तो गोळाच. तो उचलायचा तर फक्त उंच टायरनंच उचलला जातो. दगडांच्या वाटेवर उचलण्याचा फायदा आहे, आपल्या पांदणीवर फार थोडा.

लांब शॅकलचं गणित गॅरेजवाले सांगत नाहीत: शॅकल दोन इंच वाढवली की गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागी असतं. शिवाय अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन बिघडतो. तुमच्या थारला पुढं पाटे नाहीत, टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आहेत. ते पिळून पुढची बाजू उचलता येते, पण मग चाकाला खाली जायला जागा उरत नाही, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरपे चालतात आणि रबरी बूट लवकर फाटतात. बूट फाटला की काळी माती आत.

मागं ओझं नेताना गाडी बसत असेल तर एक जादा पाटा टाकणं योग्य. तेव्हा ब्रेकची रबरी नळी पुरते का ते चाक लोंबकळतं ठेवून बघा, आणि यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे) नवेच घ्या. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. हे न केल्यानं सेंटर बोल्ट कापला जातो आणि अ‍ॅक्सल तिरपा सरकतो.

तुमच्या गाडीत मागं लॉकिंग डिफरन्शियल (एक चाक घसरलं की दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) आहे का ते आधी तपासा. २०१५ च्या बदलानंतर काही गाड्यांत ते येत होतं. असेल तर अर्धी लढाई तिथंच जिंकली. आणि नसेल म्हणून कोणी डिफरन्शियलचे गिअर वेल्ड करून देतो म्हणाला तर अजिबात ऐकू नका. डांबरी रस्त्यावर वळताना दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतील, आणि अ‍ॅक्सल शाफ्ट तुटेल नाहीतर गाडी सरळ जाईल.

मेळघाट_जिप्सी

दिव्यांचं मी सांगतो. दिवे लावा, पण रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घालून. आहे त्या स्विचवरून नुसती वायर ओढली की स्विच वितळतो. रिलेवर चार आकडे असतात. ३० ला बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. ८७ दिव्याला, ८६ स्विचला, ८५ अर्थिंगला. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या थोडं वर. फ्यूज १५ चा, वायर अडीच स्क्वेअर मिलीमीटरची. अर्थिंग रंगावर नाही, खरडून उघड्या केलेल्या लोखंडावर. वायर पन्हाळी नळीत घालून तोंडं टेपनं बंद करा, पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली घर करतात.

एक विनंती. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर हे जादा दिवे बंद ठेवा. प्रखर उजेडात सांबर, चितळ जागच्या जागी थिजतं आणि गाडीखाली येतं. समोरून बैलबंडी येत असेल तरी तेच, बैल बुजतात.

खारपाण

हवा भरायचं राह्यलं. कमी केलेली हवा परत भरायची सोय नसन तं कमी करूच नका, अठराच्या हवेनं डांबरीवर पळवलं की टायर तापते अन् फुटते. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर घ्या, बॅटरीले सरळ चिमट्यानं लावाचा, लायटरच्या भोकातून नाही. कोणी जुन्या एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर बसवून हवा भरते, ते बी चालते, पण त्याले ऑइल गॅससंगं मिळत होतं. आता गॅस नाही तं हवेच्या वाटेवर ऑइलर पायजे, अन् पुढं ऑइल गाळाचा डबा, अन् सेफ्टी व्हॉल्व्ह. हे तिन्ही नसन तं नको.

ब्रेकचं बी ध्यानात ठेवा. नाल्यातून निघालं की पाय हलका ठेवून ब्रेक दाबत दाबत थोडं चाला, ड्रम वाळते. अन् चिखलात दिवस गेला की मागचे ड्रम खोलून धुवाच. ती माती वाळली की शू सरकत नाही.

नवीथार

सगळ्यांचे आभार. मग उचलणं रद्द. आधी ब्रीदर, चेसिसचे हूक, कॉम्प्रेसर आणि फावडं. टायर आहेत ते अजून चांगले आहेत, नाल्याचा काठ बघून पुढचे ठरवतो. वेल्डिंगवाले दादा, हूकसाठी हिंगणघाटला गाडी आणू का?

वेल्डिंगवाला

आणा, पण येण्याआधी एक काम करा. चेसिसच्या पुढच्या दोन्ही टोकांची खालची बाजू तारेच्या ब्रशनं साफ करा आणि भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून इथं टाका, फोटोसकट. कंपनीचा टोइंग हूक कोणत्या बोल्टवर आहे तेही दिसू द्या. प्लेट आधी कापून ठेवतो. भोकांजवळ गंज पापुद्र्यानं निघत असेल तर तसं लिहा. मग हूक नंतर, आधी चेसिस बघू.